पुस्तके बांधणारा शास्त्रज्ञ : मायकेल फॅरडे

गणपती ही विद्येची देवता. तिच्या उत्सवात विद्येच्या एका थोर साधकाची आठवण आम्हाला मुद्दाम करावीशी वाटते. मांडवात दिव्यांच्या माळा झगमगतात, मध्येच वीज गेली तर मागे ठेवलेला जनरेटर धडधडू लागतो. या दोन्हींच्या मुळाशी ज्यांचा शोध आहे, त्या मायकेल फॅरडे यांचे हे छोटेसे चरित्र आमच्या विद्यार्थी मित्रांसाठी.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, त्यातून प्रकृतीने अशक्त. घरात कायम ओढाताण. शाळा म्हणजे लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशोब, एवढीच. चौदाव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकायला राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचूनही काढी. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट बाईंचे रसायनशास्त्राचे पुस्तक यांनी त्याला वेड लावले.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा रिकामी झाली, तेव्हा डेव्हींनी याच मुलाला बोलावले. हाती पदवी नव्हती, दाखला नव्हता. ती बांधलेली वहीच त्याचे प्रमाणपत्र ठरली. आम्ही स्वतः डिप्लोमावाले, त्यामुळे चरित्रातला हा भाग आम्हाला फार जवळचा वाटतो.

मान मात्र लगेच मिळाला नाही. डेव्हींबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेले असता फॅरडेंना नोकराचीही कामे करावी लागली. पुढे १८२४ साली रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव आले, तेव्हा विरोध केला तो खुद्द डेव्हींनी. तरीही फॅरडे निवडून आले.

आता त्यांच्या मुख्य शोधाकडे वळू. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवून दिले होते की, तारेतून विद्युतप्रवाह गेला की जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर फॅरडेंना १८३१ साली सापडले. पोकळ नळीवर तार गुंडाळून तिची टोके त्यांनी प्रवाह दाखवणाऱ्या यंत्राला जोडली आणि नळीत लोहचुंबक सारला. सुई हलली. चुंबक आत स्थिर राहताच सुई जागेवर आली. बाहेर ओढला, तेव्हा ती उलट दिशेला हलली.

विद्यार्थी मित्रांनो, सारे मर्म इथेच आहे. चुंबक नुसता जवळ ठेवून वीज मिळत नाही. गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहावे लागते. बदल जितका वेगाने होईल, तितका विजेचा दाब जास्त. त्याच वर्षी त्यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग प्रवाहही मिळवला. तेच पहिले जनित्र. आज ओंकारेश्वरच्या धरणात नर्मदेचे पाणी चक्र फिरवते, मांडवामागचा जनरेटर डिझेलवर फिरतो. फिरवणारा वेगळा, तत्त्व तेच.

फॅरडेंना उच्च गणित येत नव्हते. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला की जी नक्षी उमटते, तिच्यावरून त्यांनी बलरेषांची कल्पना मांडली. अनेक विद्वानांना ती पटली नाही. पुढे मॅक्सवेल यांनी तिलाच गणिताची भाषा दिली आणि तिचे मोल जगाला कळले.

कीर्ती मिळाल्यावरही फॅरडे साधेच राहिले. 'सर' ही पदवी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. मुलांसाठी नाताळात होणाऱ्या व्याख्यानमाला मात्र त्यांनी तब्बल १९ वेळा गुंफल्या. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकांना आमची एक विनंती आहे. गुणपत्रिकेवरून मुलाची परीक्षा करण्याआधी, तो काय उघडून पाहतो आणि काय विचारतो, याकडेही लक्ष द्यावे. आणि मुलांनो, या सुटीत एका लोखंडी खिळ्यावर प्लास्टिक आवरणाची तांब्याची तार गुंडाळा, तिची सोललेली टोके टॉर्चच्या एका सेलला क्षणभर लावा आणि खिळ्याला टाचण्या चिकटतात का ते पाहा. तार तापते, म्हणून फार वेळ धरू नका. घरातल्या विजेच्या बोर्डाला तर हातही लावू नका. काय दिसले, ते वहीत लिहून ठेवा. फॅरडेंनीही आपले प्रयोग असेच रोजच्या रोज वहीत लिहून ठेवले होते.