सर्व्हर मुद्दाम बंद पाडून जगाला प्रोग्रामिंग शिकवणारे रिचर्ड स्टीव्हन्स कोण होते?

फोनवरून पैसे पाठवताना कधी ना कधी असं होतंच. बटण दाबलं, स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी पुन्हा प्रयत्न करा असा मेसेज आला. आता बटण पुन्हा दाबायचं का? पैसे गेलेच नसतील तर दाबायला हवं. पण पैसे गेले असतील आणि फक्त उत्तर परत आलं नसेल, तर दुसऱ्यांदा दाबल्यावर दुप्पट पैसे जायचे.

हा प्रश्न स्मार्टफोनपेक्षा बराच जुना आहे. एका कॉम्प्युटरने दुसऱ्या कॉम्प्युटरला काम सांगायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा. १९९० च्या दशकात एका माणसाने तो सी भाषेतले छोटे छोटे प्रोग्राम लिहून आणि चालता सर्व्हर मुद्दाम मध्येच बंद पाडून, साध्या प्रोग्रामरला कळेल असा समजावून सांगितला. त्यांचं नाव डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स.

स्टीव्हन्स यांनी कुठली नवी भाषा शोधली नाही की ऑपरेटिंग सिस्टिम बनवली नाही. त्यांनी पुस्तकं लिहिली. पण नेटवर्कवर चालणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीसाठी ती पुस्तकं म्हणजे शेवटचा शब्द होती.

तांब्याच्या खाणींच्या गावात जन्म

स्टीव्हन्स यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९५१ चा. गाव लुआन्शा. तेव्हा हा भाग उत्तर ऱ्होडेशिया म्हणून ओळखला जायचा, आज तो झांबियात आहे. वडील तांब्याच्या उद्योगात होते, त्यामुळे बिऱ्हाड सतत हलायचं. अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी, न्यू मेक्सिकोमधलं हर्ली, वॉशिंग्टन आणि दक्षिण आफ्रिकेतलं फालाबोर्वा, अशा ठिकाणी हे कुटुंब राहिलं. शाळा झाली व्हर्जिनियातल्या फिशबर्न मिलिटरी स्कूलमध्ये.

पुढे त्यांनी मिशिगन विद्यापीठातून १९७३ मध्ये पदवी घेतली, ती एरोस्पेस इंजिनिअरिंगची. विमानांचं वेड फक्त अभ्यासापुरतं नव्हतं. ते स्वतः विमान चालवायचे आणि १९७० च्या दशकात काही काळ फावल्या वेळेत इतरांनाही उड्डाण शिकवायचे.

१९७५ मध्ये ते ॲरिझोनातल्या ट्युसॉन शहरात आले आणि किट पीक राष्ट्रीय वेधशाळेत प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. नोकरी सांभाळून ॲरिझोना विद्यापीठातून त्यांनी १९७८ मध्ये मास्टर्स आणि १९८२ मध्ये पीएचडी पूर्ण केली. विषय होता सिस्टिम्स इंजिनिअरिंग. म्हणजे जगाला नेटवर्क प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या या माणसाकडे कॉम्प्युटर सायन्सची पदवी नव्हती.

१९८२ ते १९९० ते कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथे हेल्थ सिस्टिम्स इंटरनॅशनल या कंपनीत कॉम्प्युटर विभागाचे उपाध्यक्ष होते. याच काळात त्यांनी पहिलं पुस्तक लिहिलं. 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग' १९९० मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षी ते ट्युसॉनला परतले. त्यानंतर लेखन आणि सल्लागाराचं काम, हाच त्यांचा व्यवसाय झाला.

आरपीसी म्हणजे नेमकं काय?

त्या पहिल्या पुस्तकात एक प्रकरण होतं रिमोट प्रोसीजर कॉलवर, म्हणजेच आरपीसीवर.

सी भाषेत प्रोग्राम लिहिताना आपण फंक्शन बनवतो. त्याला माहिती द्यायची, ते काम करतं आणि उत्तर परत देतं. आरपीसीची कल्पना अशी की, हे फंक्शन दुसऱ्याच कॉम्प्युटरवर असलं तरी आपण ते नेहमीसारखंच बोलवायचं. मधलं नेटवर्क आपल्याला दिसायलाच नको.

ही कल्पना स्टीव्हन्स यांची नव्हती. ब्रूस नेल्सन यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातले अँड्र्यू बिरेल आणि नेल्सन या दोघांचा १९८४ मधला शोधनिबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. पुढे सन मायक्रोसिस्टिम्सने सी भाषेसाठी स्वतःची आरपीसी बनवली. एका मशीनवरच्या फाइल दुसऱ्या मशीनवर वापरता येणारी एनएफएस ही व्यवस्था याच सन आरपीसीवर उभी राहिली.

सोय मोठी होती, पण एक धोकाही होता. नेटवर्क दिसत नाही याचा अर्थ ते नाही असा होत नाही. हाच धोका प्रोग्रामरच्या लक्षात आणून देणं, हे स्टीव्हन्स यांचं काम होतं.

सर्व्हर लिहायचा कसा?

पुढे स्टीव्हन्स यांनी 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग'ची दुसरी आवृत्ती नव्याने लिहिली. विषय इतका वाढला होता की एका पुस्तकाचे खंड करावे लागले. दुसऱ्या खंडात एकाच यंत्रणेतले किंवा वेगवेगळ्या मशीनवरचे प्रोग्राम एकमेकांशी कसे बोलतात हे सांगितलं होतं, आणि त्याच्या शेवटी सन आरपीसीचं सविस्तर प्रकरण होतं.

उदाहरण अगदी शाळकरी. क्लायंट एक आकडा पाठवतो, सर्व्हर त्याचा वर्ग करून परत देतो. एवढंच. गणित सोपं ठेवल्यामुळे वाचणाऱ्याचं सगळं लक्ष यंत्रणेकडे जातं.

आधी एका छोट्या फाइलमध्ये करार लिहायचा. काय पाठवणार, काय परत येणार, प्रोग्रामचा क्रमांक कोणता, आवृत्ती कोणती, फंक्शनचा क्रमांक कोणता. ही फाइल आरपीसीजेन नावाच्या प्रोग्रामला दिली की तो उरलेला बराचसा सी कोड स्वतः लिहून देतो.

सर्व्हर सुरू झाला की आधी त्याच मशीनवरच्या पोर्ट मॅपरकडे नोंदणी करतो. हा पोर्ट मॅपर म्हणजे ऑफिसच्या दारातलं चौकशीचं टेबल. तो स्वतः १११ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो आणि कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर आहे हे विचारणाऱ्याला सांगतो. त्यानंतर सर्व्हर वाट पाहत बसतो. मागणी आली की ती उलगडायची, योग्य फंक्शनला द्यायची, उत्तर पुन्हा ठरलेल्या साच्यात घालून पाठवायचं. प्रोग्रामरने लिहायचं ते फक्त मधलं फंक्शन.

पण या सोप्या फंक्शनमध्येही फसगत होती. ते उत्तर थेट देत नाही, उत्तर कुठे ठेवलंय त्या जागेचा पत्ता देतं. फंक्शन संपल्यावरही ती जागा शाबूत राहायला हवी, म्हणून ती स्टॅटिक ठेवावी लागते. सर्व्हर एका वेळी एकच मागणी हाताळत असेल तोपर्यंत ठीक. पण अनेक थ्रेड एकदम कामाला लागले की सगळे त्याच एका जागेत आपापलं उत्तर लिहिणार. मग एकाचं उत्तर दुसऱ्याला गेलं तर नवल नाही.

अनेक थ्रेड लागतात कशाला, हेही स्टीव्हन्स यांनी नुसतं सांगितलं नाही, चालवून दाखवलं. सर्व्हरमध्ये प्रत्येक मागणीला पाच सेकंद थांबण्याची ओळ घातली आणि एकाच वेळी तीन क्लायंट सोडले. एकाच थ्रेडच्या सर्व्हरपुढे तिघांची रांग लागली. पहिल्याला पाच सेकंदांत उत्तर, शेवटच्याला पंधरा.

मुद्दाम पाडलेला सर्व्हर

इथून पुढचा भाग स्टीव्हन्स यांची खरी ओळख सांगतो. सगळं नीट चाललं तर काय होतं हे कोणतंही पुस्तक सांगतं. स्टीव्हन्स यांनी विचारलं, मध्येच बिघडलं तर?

मग त्यांनी काम अर्धवट असतानाच सर्व्हर बंद होईल असा कोड घातला. टीसीपीवर बोलणाऱ्या क्लायंटला जोडणी तुटल्याचं लगेच कळलं. यूडीपीवर बोलणाऱ्याला मात्र काहीच कळलं नाही. तो तीच मागणी पुन्हा पाठवत राहिला आणि वेळ संपल्यावर थांबला. आरपीसीजेनने लिहून दिलेल्या कोडमध्ये ही मुदत २५ सेकंदांची असते.

इथेच पैसे दोनदा जाण्याचा प्रश्न येतो. क्लायंटने मागणी पुन्हा पाठवली, पण पहिली मागणी पोहोचली होती आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं होतं, तर सर्व्हर तेच काम दोनदा करणार. आकड्याचा वर्ग दोनदा काढला तर कुणाचं काही बिघडत नाही. खात्यातून पैसे दोनदा काढले तर बिघडतं. पहिल्या प्रकारच्या कामांना आयडेम्पोटंट म्हणतात, म्हणजे कितीदाही केली तरी परिणाम तोच राहणारी कामं.

यावर सर्व्हरच्या बाजूने एक उपाय असतो. प्रत्येक मागणीला क्रमांक असतो. सर्व्हर दिलेली उत्तरं काही काळ लक्षात ठेवतो. तोच क्रमांक परत आला तर काम पुन्हा न करता जुनंच उत्तर पाठवतो. पण सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तर ही आठवण पुसली जाते. टीसीपी वापरलं तरी जोडणी तुटल्यावर काम झालं की नाही हे क्लायंटला सांगता येत नाही.

दूरचं काम अगदी एकदाच होईल याची हमी नुसत्या आरपीसीला देता येत नाही. ती काळजी सर्व्हर लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते. आरपीसीने झाकलेलं नेटवर्क स्टीव्हन्स यांनी असं पुन्हा समोर आणून ठेवलं.

आधी चालवायचं, मग लिहायचं

हीच पद्धत त्यांच्या सगळ्या पुस्तकांत दिसते. १९९२ मध्ये 'ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्न्मेंट' आलं. १९९४ मध्ये 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड'चा पहिला खंड आला. त्यात त्यांनी नेटवर्कवरून खरोखर जाणारी पॅकेट पकडून, कोणतं कधी निघालं आणि कधी पोहोचलं हे वेळेसकट छापलं. १९९५ च्या दुसऱ्या खंडात गॅरी राइट यांच्यासोबत त्यांनी खऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधला सी भाषेतला सुमारे १५,००० ओळींचा कोड समजावून सांगितला. तिसरा खंड १९९६ मध्ये आला.

पुस्तकाची पानंही ते स्वतःच जुळवायचे, युनिक्सवरच्या ट्रॉफ या जुन्या पद्धतीने. पुस्तकांतला कोड कुणालाही डाउनलोड करून स्वतःच्या मशीनवर चालवता यायचा. भारतातही त्यांच्या पुस्तकांच्या कमी किमतीच्या आवृत्त्या निघाल्या आणि त्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या हातात पोहोचल्या.

एक गंमतही झाली. १९९३ मध्ये आलेल्या 'वेन्स वर्ल्ड २' या हॉलिवूडच्या विनोदी सिनेमात एका पात्राच्या हातात 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग' दिसतं. सर्व्हर कसे लिहायचे याचं पुस्तक मोठ्या पडद्यावर झळकणं, हा मान फार कमी लेखकांना मिळाला असेल.

अर्धवट राहिलेला खंड

१ सप्टेंबर १९९९ रोजी ट्युसॉनमध्ये स्टीव्हन्स यांचं निधन झालं. वय अवघं ४८. मागे पत्नी आणि तीन मुलं. 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग'चा तिसरा खंड ठरलेला होता. तो कधीच आला नाही.

२००० मध्ये युसेनिक्स या संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला. पुस्तकं मात्र थांबली नाहीत. २००३ मध्ये बिल फेनर आणि अँड्र्यू रूडॉफ यांनी 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग'च्या पहिल्या खंडाची नवी आवृत्ती काढली. २००५ मध्ये स्टीफन रागो यांनी 'ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग'ची आवृत्ती अद्ययावत केली. पुढे केव्हिन फॉल यांनी 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड'चा पहिला खंड नव्याने लिहिला. या सगळ्यांवर स्टीव्हन्स यांचं नाव कायम आहे.

सन आरपीसी आता नव्या कामांत क्वचितच वापरली जाते. तिच्या जागी गूगलने २०१५ मध्ये खुली केलेली जीआरपीसीसारखी साधनं आली. पण रचना ओळखीची आहे. इथेही आधी करार लिहायचा, मग साधन कोड बनवून देतं आणि प्रोग्रामर मधलं फंक्शन लिहितो. उत्तर आलं नाही तर काम झालं की नाही, हा प्रश्नही तसाच आहे. म्हणूनच पेमेंटच्या यंत्रणा बनवणारे आजही प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक देतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे दुसऱ्यांदा कापत नाहीत.