वनस्पतींचा नामकर्ता कार्ल लिनियस

स्वीडन देशाच्या दक्षिण भागांतील रोशुल्ट या खेड्यांत इ. स. १७०७ च्या मे महिन्यांत कार्ल लिनियस याचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक असून त्यांस बागेचा मोठा नाद. तोच मुलास लागला. कार्लनेंहि धर्मोपदेशक व्हावें अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्याचें चित्त पुस्तकांपेक्षां रानांत अधिक रमे. हा मुलगा विद्येस लायक नाहीं, असा गुरुजनांचा अभिप्राय पडला. रोथमान नांवाच्या एका डॉक्टर शिक्षकानें मात्र त्याचा कल ओळखला आणि त्यास वैद्यक व वनस्पतिशास्त्र यांकडे वळविलें.

त्या काळीं एका रोपट्याचें शास्त्रीय नांव म्हणजे लॅटिन वर्णनाची लांबलचक ओळच असे, आणि दोन पंडितांच्या ओळी पुष्कळदां जुळत नसत. १७५३ सालच्या स्पीशीज प्लँटॅरम या ग्रंथांत लिनियसनें सुमारें ६,००० वनस्पतींस दोनच शब्दांचीं नांवें दिलीं. पहिला शब्द आडनांवासारखा, दुसरा त्या वनस्पतीचा स्वतःचा. सीगेसबेक हा त्याचा कडवा टीकाकार. एका चिकट, क्षुद्र तणाचें सीगेसबेकिया हें नांव लिनियसनेंच ठेवलेलें आहे! थोरांचाहि राग असा कोठेंतरी उगवतोच.

त्याच ग्रंथांत जमेका बेटांतील एका पांढऱ्या फुलांच्या झुडपाची पार्थेनियम हिस्टेरोफोरस या नांवानें नोंद आहे. लिनियस १७७८ सालीं वारला. पुढें १९५६ सालीं तेंच झुडूप पुण्यांत आढळल्याचें प्रसिद्ध झालें. आपल्या लोकांनीं त्यास गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशीं नांवें दिलीं. वस्तुतः तें गाजरहि नव्हे आणि गवतहि नव्हे. तें सूर्यफुलाच्या कुळांतलें. नांवास भुलून कोणी त्यावर केवळ गवत मारणारें औषध फवारील, तर पैसा व श्रम दोन्ही वायां जावयाचे. शिवाय त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते, आणि परागांनीं दमा बळावतो.

शास्त्रीय नांव ठाऊक असल्यानें या पाहुण्याचें मूळ गांव अमेरिका खंडांत आहे हें शोधावें लागलें नाहीं. तेथें त्याचा शत्रूहि होता. मेक्सिकोंतून आणलेले, त्याचीं पानें खाणारे भुंगे १९८४ सालीं बंगळूर येथें सोडण्यांत आले. पावसाळ्यांत गाजरगवताच्या पानांची चाळण झालेली दिसते, ती पुष्कळदां याच भुंग्यांची करणी असते.