ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी शिक्षणतज्ज्ञ आणि भारतातील बालशिक्षण चळवळीच्या प्रवर्तकांपैकी एक होत्या. मारिया माँटेसरी यांनी बालकांच्या निरीक्षणातून विकसित केलेली शिक्षणपद्धती ग्रामीण व आदिवासी मुलांच्या जीवनाशी जुळवून घेण्याचे कार्य त्यांनी केले. या कार्यातूनच अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी हे उपक्रम उभे राहिले.

प्रारंभिक जीवन

ताराबाईंचा जन्म मुंबईत केळकर कुटुंबात झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले. त्यानंतर त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले.

भावनगर येथील कार्य

१९२३ मध्ये ताराबाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. तेथील बालमंदिर १९२० मध्ये सुरू झाले होते. माँटेसरी या मूळच्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर असून, १९०७ मध्ये रोममधील श्रमिकांच्या वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले होते. मूल काय करते, कशात रमते आणि कोणत्या साधनाकडे पुन्हा पुन्हा वळते, यांच्या नोंदींवर त्यांची पद्धती आधारलेली होती. गिजुभाई व ताराबाई यांनी ती भारतीय भाषा, गाणी, गोष्टी व नाट्य यांच्याशी जोडली. १९२६ मध्ये स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाद्वारे हे विचार शाळांपर्यंत पोहोचले. पत्रिकेच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईतील दादर येथे शिशुविहार सुरू केला.

बोर्डी व कोसबाड

शहरातील बालमंदिरांत प्रामुख्याने मध्यमवर्गीय मुलेच येत असत. माँटेसरी साधने महाग होती आणि खेड्यांतील शाळांना ती परवडणारी नव्हती. एका कष्टकरी वस्तीत सिद्ध झालेली पद्धती भारतात सुस्थितीतील घरांपुरतीच राहण्याचा धोका होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. त्या वेळी त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ या कार्यात त्यांच्या सहकारी झाल्या.

केंद्र उघडले तरी आदिवासी मुले आपणहून येत नव्हती. तेव्हा शिक्षिका साहित्य घेऊन पाड्यांवर जाऊ लागल्या आणि घरासमोरच्या अंगणातच वर्ग भरू लागला. यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. कामाची सुरुवात अनेकदा मुलांच्या स्वच्छतेपासून होई. विकत घेतलेल्या साधनांची जागा शंख, शिंपले, खडे, बिया, पाने आणि बांबू यांनी घेतली. रंग, आकार, संख्या व स्पर्श यांचे शिक्षण या वस्तूंमधून होत असे. हाताने काम करणे, स्वतः निवड करणे आणि शिक्षकाने निरीक्षण करणे ही पद्धतीची मूलतत्त्वे मात्र कायम ठेवण्यात आली.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. तेथील वारली मुले गुरे राखत, तर मुलींवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी असे. त्यामुळे नेहमीच्या वेळेची शाळा त्यांच्या उपयोगाची नव्हती. गुरे चरत असतील तेथे भरणारी कुरणशाळा हा त्यावरचा एक उपाय होता. गवत, झाडे, पक्षी व गुरे हेच तेथे अभ्यासाचे साहित्य ठरले. दुसरा उपाय विकासवाडीचा होता. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असल्याने मुलगी भावंडाला बरोबर घेऊन शाळेत येऊ शकत असे.

शैक्षणिक महत्त्व

अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीची मांडणी केली. मुलाने हेतुपूर्वक हाती घेतलेल्या कृतीतून शिकावे, हा तिचा गाभा होता. कुरणशाळेचा उगम वेगळा असला, तरी जगण्यातील प्रत्यक्ष कामातून शिक्षण देण्याचा विचार दोन्हींत समान आढळतो. बाहेर सिद्ध झालेली पद्धती वर्गात आणताना तिची साधने, जागा आणि वेळ बदलता येतात. मुलाविषयीचे तिचे मूळ निरीक्षण मात्र जपावे लागते, हे ताराबाईंच्या कार्यातून दिसून येते. शाळेत न येणाऱ्या मुलाला दोष न देता त्यांनी शाळेची रचनाच बदलली.

सन्मान व वारसा

भारत सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य पुढे चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पाड्यावरच्या अंगणातील या प्रयोगाचे नाव त्यामुळे देशभर पोहोचले.