मोटरमनच्या लक्षाची परीक्षा

मुंबईकराला मोटरमन हा शब्द लोकलमुळे ओळखीचा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र मोटरमन म्हटले की विजेवर चालणारी ट्राम डोळ्यांसमोर येई. मुंबईत ती १९०७ साली सुरू झाली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत ती त्याआधीच आली होती आणि तिच्यासोबत एक नवे दुखणेही आले होते. रस्त्यावर घोडागाड्या, नुकत्याच दिसू लागलेल्या मोटारी आणि वाटेल तिथून आडवी जाणारी माणसे, आणि या सगळ्यांतून रुळांवरून धावणारी जड ट्राम. तिला बाजूला वळता येत नाही. घंटा वाजवायची आणि ब्रेक लावायचा, एवढेच मोटरमनच्या हातात. काही अमेरिकी कंपन्यांकडे वर्षाला ५० हजारांपर्यंत नुकसानभरपाईची प्रकरणे येत आणि काहींच्या एकूण उत्पन्नातले १३ टक्के त्यातच जात. त्या आकड्यांमागे मेलेली आणि लुळीपांगळी झालेली माणसे होती.

१९११-१२च्या हिवाळ्यात कामगार कायद्यांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने या प्रश्नावर बैठक बोलावली, तेव्हा एका मानसशास्त्रज्ञाकडे मदत मागितली गेली. त्याचे नाव ह्यूगो म्यून्स्टरबर्ग. आज मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांबाहेर हे नाव फारसे ऐकू येत नाही. पण त्या काळी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत ते सतत झळकत असे.

म्यून्स्टरबर्ग यांचा जन्म १ जून १८६३चा, त्या वेळी प्रशियात असलेल्या डॅन्झिग बंदरातला. आज ते शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याला ग्दान्स्क म्हणतात. वडील लाकडाचे व्यापारी, आई चित्रकार. ह्यूगो बारा वर्षांचे असताना आई गेली, पुढे पाचच वर्षांत वडीलही. लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी १८८५ साली डॉक्टरेट मिळवली आणि दोन वर्षांनी हायडेलबर्गला वैद्यकाची पदवी. मानसशास्त्राची जगातली पहिली नावाजलेली प्रयोगशाळा वुंट यांची, पण गुरू-शिष्यांचे फारसे जमले नाही. इच्छाशक्ती म्हणजे काय, यावर दोघांचे मतभेद झाले. फ्रायबर्ग विद्यापीठात शिकवू लागल्यावर म्यून्स्टरबर्ग यांनी स्वतःच्या घरातच, पदरमोड करून, प्रयोगशाळा थाटली.

त्यांचे काम विल्यम जेम्स यांच्या नजरेत भरले. हार्वर्डची प्रयोगशाळा सांभाळायला कोणी तरी हवे होते आणि जेम्स यांना स्वतःला उपकरणांची आवड नव्हती. १८९२ साली तीन वर्षांसाठी म्हणून म्यून्स्टरबर्ग अमेरिकेला गेले. इंग्रजी बोलायची पंचाईत होती, तीही तिथेच सोडवली. मुदत संपल्यावर ते मायदेशी परतले, पण १८९७ साली पुन्हा हार्वर्डला आले ते कायमचे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

माणूस सरळ रेषेत न बसणारा होता. मेरी व्हिटन कॅल्किन्स या विद्यार्थिनीला डॉक्टरेटसाठी उमेदवार म्हणून मान्यता मिळावी म्हणून त्यांनी विद्यापीठाकडे आग्रह धरला. विद्यापीठाने स्त्री म्हणून तिला पदवी नाकारली ती नाकारलीच. त्याच म्यून्स्टरबर्ग यांनी नंतर स्त्रिया ज्युरीत बसायला लायक नाहीत असे छापून प्रसिद्ध केले! जर्मन संस्कृतीचा अभिमान तर इतका की सहकाऱ्यांना त्याचा कंटाळा यायचा.

आपण पाहतो ते सगळे आपल्या लक्षात येत नाही, याची प्रचिती त्यांना स्वतःच्या घरातच आली होती. त्यांच्या घरी चोरी झाली. कोर्टात त्यांनी शपथेवर साक्ष दिली, आणि नंतर कळले की चोर कुठून आत शिरला यासकट त्या साक्षीतल्या बऱ्याच गोष्टी चुकल्या होत्या. खोटे बोलायचे त्यांना कारणच नव्हते. हा प्रसंग त्यांनी साक्षीदारांच्या मानसशास्त्रावरच्या १९०८च्या पुस्तकात स्वतःच सांगितला आहे.

आता पुन्हा ट्रामकडे. कंपन्यांचे म्हणणे असे होते की काही मोटरमनकडून जवळपास कधीच अपघात होत नाही आणि काहींकडून वारंवार होतो. तो दुसरा माणूस दारू पिणारा किंवा बेफिकीर असेलच असे नाही. नेमके काय कमी पडते, हे शोधायचे होते. सगळ्यांना पहिल्यांदा सुचते ते उत्तर म्हणजे हाताचा वेग. धोका दिसल्यापासून ब्रेक लावेपर्यंत किती वेळ लागतो तो मोजावा. म्यून्स्टरबर्ग यांच्या मते फारच मंद माणूस वगळावा हे ठीक, पण चांगला मोटरमन आणि वाईट मोटरमन यांतला फरक तिथे सापडत नाही. तो त्याच्या आधीच्या क्षणात असतो. रस्त्यावरच्या पन्नास हलत्या गोष्टींतून कोणती आपल्या वाटेत येणार आहे, हे आधी ताडावे लागते. बाकीच्यांकडे लक्ष जाऊ न देणे हाही त्याच कामाचा भाग.

मग ते मोजायचे कसे? छोटी खेळण्यातली ट्राम आणि नकली रस्ता उभारण्याची कल्पना त्यांनी बाजूला ठेवली. बाहेरची वस्तू हुबेहूब असली म्हणून मनातली क्रिया तशीच होते असे नाही, आणि त्यांना हवी होती मनातली क्रिया. हा विचार मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यांनी बनवली ती अगदी साधी गोष्ट. साडेचार इंच रुंद आणि तेरा इंच लांब कार्डे, त्यांवर अर्ध्या इंचाचे चौकोन आणि मधोमध लांबीभर दोन जाड रेघा. ते रूळ. चौकोनांत इकडेतिकडे १, २ आणि ३ हे आकडे. १ म्हणजे पायी चालणारा माणूस, तो एक घर पुढे जातो. २ म्हणजे घोडा, दोन घरे. ३ म्हणजे मोटार, तीन घरे. काळे आकडे रुळांना समांतर चाललेले, म्हणजे निरुपद्रवी. लाल आकडे रुळांकडे निघालेले. पण प्रत्येक लाल आकडा धोक्याचा नाही. रुळापासून दोन घरांवरचा लाल २ बरोबर रुळांवर येऊन थांबतो, तो धोका. तिथेच लाल ३ असेल तर ती मोटार रूळ ओलांडून पलीकडे जाते. लाल १ असेल तर तो माणूस अलीकडेच राहतो. रुळांवरच्या प्रत्येक घराला एक अक्षर होते. मोटरमनने हाताने दांडा फिरवायचा, काळ्या मखमली पट्ट्यातली खिडकी कार्डांवरून सरकत जायची आणि जिथे धोका आहे त्या घराचे अक्षर त्याने बोलायचे. लागलेला वेळ आणि सुटलेले धोके, दोन्हींची नोंद व्हायची. सुटलेल्या प्रत्येक धोक्यासाठी वेळेत दहा सेकंद वाढवले जात.

बोस्टनच्या ट्राम कंपनीने आपली माणसे हार्वर्डला पाठवली. त्यांत वर्षानुवर्षे अपघाताविना गाडी चालवलेले होते आणि नोकरी जाता जाता वाचलेलेही. निकाल त्यांच्या कामाच्या इतिहासाशी बऱ्याच अंशी जुळला. प्रयोगाला आलेल्या मोटरमनांनी सांगितले की कार्डे पाहताना आपण खरोखर गाडीवरच उभे आहोत असे वाटले. ना रस्ता, ना घंटा, नुसते आकडे, तरीही!

माणशी जेमतेम दहा मिनिटांची ही परीक्षा घेतली तर नोकरीत घेतल्या जाणाऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आधीच वगळता येईल, असा त्यांचा अंदाज होता. या माणसांना दोष देऊ नये, दुसऱ्या कामात ती उत्तम ठरतील, हेही त्यांनी बजावले. मालकांना पहिला भाग लवकर पटला असणार. अपघाताचे खापर एका माणसाच्या मेंदूवर फोडले की कामाचे तास, वेळापत्रक आणि गाडीचा ब्रेक यांविषयी कोणी विचारत नाही. म्यून्स्टरबर्ग यांच्या पद्धतीची ही बाजू पुढे बरीच वर्षे डोकेदुखी ठरली.

१९१३ साली उद्योगधंद्यातल्या मानसशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक इंग्रजीत आले, त्यात हा प्रयोग आहे. लगेच पुढच्या वर्षी युरोपात युद्ध पेटले आणि म्यून्स्टरबर्ग जर्मनीची बाजू मांडत राहिले. मित्रांनी पाठ फिरवली, धमकीची पत्रे आली, हेर असल्याचा संशय घेतला गेला. त्यांना काढले नाही तर मृत्युपत्रातली एक कोटी डॉलरची देणगी रद्द करू, असे एका माजी विद्यार्थ्याने हार्वर्डला कळवले. विद्यापीठाने त्यांना काढले नाही. १९१६ साली त्यांनी सिनेमावर पुस्तक लिहिले. पडद्यावरचा क्लोज-अप म्हणजे आपले लक्ष मनात जे करते तेच कॅमेऱ्याने करून दाखवणे, असे त्यांनी त्यात मांडले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला रॅडक्लिफ कॉलेजात व्याख्यान देताना ते कोसळले आणि मेंदूतील रक्तस्रावाने गेले. वय अवघे ५३.

२००१ साली अमेरिकेत डेव्हिड स्ट्रेअर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी गाडी चालवण्यासारख्या कामात गुंतलेल्या लोकांना फोनवर बोलायला लावले. लोकांच्या नजरेतून सिग्नल सुटू लागले, जे दिसले त्यांनाही उशिरा प्रतिसाद मिळाला. फोन हातात धरला काय आणि हात मोकळे ठेवून बोलले काय, फरक पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. आपल्याकडचा कायदा गाडी चालवताना फोन हातात धरण्याला धोकादायक ड्रायव्हिंग मानतो. कानात इअरफोन घालून घरच्यांशी भांडणारा चालक दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवूनच असतो, आणि म्यून्स्टरबर्ग यांच्या कार्डांवर त्याचे किती लाल आकडे सुटले असते, हे सांगता येत नाही.