नोटेवर सही, राजीनाम्यावरही

घरात कुणाची तरी एलआयसीची पॉलिसी असतेच. स्कॉलरशिपचे पैसे बहुतेक वेळा स्टेट बँकेच्या खात्यात येतात. आणि नेटचा अभ्यास करणारी एखादी ताई ओळखीत असेल, तर यूजीसी हा शब्द तुम्ही दिवसातून चार वेळा ऐकत असाल. आता सांगा, या तिन्ही ठिकाणी ज्याचा हात होता तो माणूस कोण? गुगल करू नका. अर्थमंत्री म्हटलं की आपल्याला १९९१ आणि मनमोहन सिंग आठवतात, त्याच्या मागे जायची वेळच येत नाही. पण रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि मग देशाचा अर्थमंत्री, हा रस्ता मनमोहन सिंगांच्या चाळीस वर्षं आधी एक मराठी माणूस चालून गेला होता. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सगळे त्यांना सी. डी. म्हणत.

जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळचं नाते हे गाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. वडील वकील. बालपणाचे धागे रोह्याशी जोडलेले, आणि रोहेकर आजही त्यांना आपला माणूस मानतात. १९१२ च्या मॅट्रिकला हा मुलगा मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही घेऊन गेला. त्या काळी मॅट्रिकचा टॉपर म्हणजे आजच्या जेईई टॉपरपेक्षा मोठं प्रकरण होतं, कारण अख्ख्या मुंबई इलाख्याची एकच परीक्षा असायची.

पुढे केंब्रिज, जीझस कॉलेज. आणि इथे कॉमर्सवाल्यांनी जरा लक्ष द्या : देशाचा हा नामांकित अर्थमंत्री शिकला होता वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. बॉटनीतलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्याच्या नावावर आहे. १९१८ मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा झाली, तिथेही पहिला नंबर. 'स्ट्रीम चुकली' म्हणून रडणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हा बायोडेटा एकदा वाचायला हरकत नाही.

आयसीएस म्हणजे इंग्रजांची चाकरी, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्येच होते. नोकरी सोडून देशकार्यात यावं का, हे विचारायला देशमुख त्यांच्याकडे गेले. टिळकांनी सल्ला दिला तो उलटा : नोकरीत राहा, कारभार शिकून घ्या, स्वराज्य आल्यावर हा अनुभव लागणारच आहे. म्हणजे ज्यांना सरकारने राजद्रोहासाठी मंडालेला धाडलं होतं, त्यांनीच एका पोराला सरकारी नोकरी करायला सांगितली. मला हा प्रसंग फार आवडतो.

मग जवळजवळ दोन दशकं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. जमीन महसूल, जिल्ह्याचा कारभार, नागपूरच्या सचिवालयातलं अर्थ खातं. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत चिटणीसांच्या चमूतही ते होते. हा भाग मी इथेच सोडते, कारण खरी गोष्ट सुरू होते १९३९ ला, जेव्हा ते रिझर्व्ह बँकेत येतात.

बँक तेव्हा अवघ्या चार वर्षांची. तिकडे दुसरं महायुद्ध पेटलेलं. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले. देशमुख डेप्युटी गव्हर्नर होते, काम तेच बघत होते, तरी गव्हर्नरपदावर नेमणूक व्हायला ११ ऑगस्ट उजाडला. पहिला भारतीय गव्हर्नर. त्यानंतर निघालेल्या नोटांवर एका बाजूला राजा सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली सही सी. डी. देशमुखांची. जुन्या नोटा जमवणारा कुणी मित्र असेल तर बघायला मागा.

आता थोडं अर्थशास्त्र, पण घाबरू नका. युद्धासाठी ब्रिटनने भारतातून अमाप माल उचलला. कापड, धान्य, दारूगोळा, शिवाय सैन्याचा खर्च. पैसे द्यायचे कसे? तर लंडनमध्ये भारताच्या नावावर पौंड जमा दाखवायचे, आणि त्या जमेच्या जोरावर रिझर्व्ह बँकेने इकडे रुपये छापायचे. म्हणजे उधारी ब्रिटनची, नोटा आपल्या. बाजारात माल कमी आणि नोटा जास्त झाल्या की काय होतं, हे बारावीच्या पुस्तकात आहे. १९४३ मध्ये ते रस्त्यावर दिसत होतं. भाव भडकले, आणि त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. दुष्काळाची कारणं अनेक होती, पण या महागाईचा वाटा त्यात होता.

या जमेला म्हणतात स्टर्लिंग शिल्लक. युद्ध संपता संपता ती हजार कोटींच्या कितीतरी पुढे गेली होती. गंमत बघा : दोनशे वर्षं ज्याने राज्य केलं तोच आता आपला कर्जदार. पण हा कर्जदार वजनदार होता, आणि 'युद्ध तर तुमच्यासाठीही लढलो, मग थोडं कर्ज माफ करा' असा सूर ब्रिटनमध्ये निघू लागला होता.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले. आयएमएफ आणि जागतिक बँक जिथे जन्मली ती हीच परिषद. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेझमन होते, पण त्यात देशमुख होते, उद्योगविश्वातले ए. डी. श्रॉफ होते आणि षण्मुखम चेट्टीही होते, जे पुढे स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झाले. या मंडळींनी दोन गोष्टी लावून धरल्या. एक, आमचे अडकलेले पौंड मोकळे करायची व्यवस्था इथेच करा. दोन, नव्या संस्थेच्या उद्दिष्टांत गरीब देशांच्या विकासाचा विचार असू द्या. पहिल्या मुद्द्यावर केन्ससारख्या दिग्गजाने नकार दिला : तो ब्रिटन आणि भारताचा आपसातला मामला आहे. दुसऱ्यात थोडंफार हाती लागलं. मात्र आयएमएफमधल्या भारताच्या कोट्याला चांगला आकडा मिळाला, आणि पुढे सोव्हिएत रशिया बाहेरच राहिल्यावर भारत पहिल्या पाचांत आला. देश अजून गुलाम होता, हे लक्षात ठेवून हे वाक्य परत वाचा.

गव्हर्नर म्हणून त्यांची कारकीर्द ३० जून १९४९ पर्यंत चालली. एवढ्यात काय काय झालं! तुमच्या-आमच्या शाळेच्या दिवसांत नोटाबंदी झाली, पण त्याआधी जानेवारी १९४६ मध्येही ५००, १००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या होत्या, तेव्हा गव्हर्नर देशमुखच होते. मग फाळणी. घर वाटून घेताना भांडी मोजतात तशी दोन देशांनी तिजोरी मोजली. काही महिने रिझर्व्ह बँक एकाच वेळी भारताची आणि पाकिस्तानची मध्यवर्ती बँक होती. दोन भांडणाऱ्या भावांचा एकच खजिनदार. भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारचा शिक्का मारून त्या तिकडे चालवल्या गेल्या. ३० जून १९४८ ला हा संसार संपला. आणि १ जानेवारी १९४९ ला, तोवर खासगी भागधारकांची असलेली रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली.

१९५० मध्ये नियोजन आयोग आला. त्याच्या अधिकारांवरून अर्थमंत्री जॉन मथाई यांचं नेहरूंशी बिनसलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या खुर्चीत देशमुख बसले. ना पक्षात गट, ना मागे कार्यकर्ते, ना भाषणबाजी. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेत निवडून आले.

अर्थमंत्री म्हणून त्यांना डावा म्हणायचं की उजवा? तुमच्या कॉलेजच्या डिबेटमध्ये हा विषय आला तर दोन्ही बाजूंना मुद्दे सापडतील. हिशेबाच्या बाबतीत माणूस कडक. पहिली पंचवार्षिक योजना सुमारे २,०६९ कोटींची, तीत भर शेती आणि पाटबंधाऱ्यांवर. त्या काळात अर्थखात्याने हात फारसा सैल सोडला नाही. पण त्याच माणसाने १९५३ मध्ये वारशाच्या संपत्तीवर कर बसवला. त्यांच्याच काळात ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी झाली आणि शेतकऱ्याच्या कर्जात सावकाराचा वाटा किती प्रचंड आहे ते आकड्यांत समोर आलं. त्यातूनच इम्पीरियल बँक ताब्यात घेऊन १ जुलै १९५५ ला स्टेट बँक उभी राहिली, आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधन तिच्यावर आलं. तुमच्या तालुक्याच्या गावातली ती निळ्या पाटीची शाखा या धोरणाच्या पोटातून आलेली आहे. अर्थसंकल्पाची कागदपत्रं हिंदीतही छापायला सुरुवात झाली तीही १९५५-५६ पासून. माझा सूर कौतुकाचा लागतोय, पण एक गोष्ट सांगायला हवी : दुसऱ्या योजनेत १,२०० कोटींची तूट धरली गेली, आणि तिचा पाया घातला गेला तेव्हा अर्थमंत्री तेच होते. बी. आर. शेणॉय या अर्थतज्ज्ञाने वेगळं मत नोंदवून हे झेपणार नाही असं बजावलं होतं. दोनच वर्षांत परकीय चलनाचा खडखडाट झाला, पण तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते.

का नव्हते, ते आता.

जानेवारी १९५६ चा एक आठवडा डोळ्यांसमोर आणा. राज्यांची भाषावार पुनर्रचना चालली आहे. मराठी माणसाला मुंबईसह महाराष्ट्र हवाय. १६ तारखेला नेहरू रेडिओवरून जाहीर करतात की मुंबई केंद्राच्या अखत्यारीत राहील. शहर पेटतं. पोलीस गोळीबार करतात, माणसं मरतात. आणि तीनच दिवसांनी, १९ तारखेला, त्याच रेडिओवर अर्थमंत्री देशमुखांचा आवाज येतो. विषय मुंबईचा नाही. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण! वटहुकूम निघाला आहे आणि विमा कंपन्या व भविष्य निर्वाह सोसायट्या मिळून २४५ संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला आहे. बेत इतका गुप्त की मोजक्या माणसांनाच माहीत. लोकांनी विम्यात भरलेला पैसा काही कंपन्या मनमानीने उडवत होत्या, ते थांबवायचं होतं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला एलआयसी जन्मली.

विचार करा, त्या तीन दिवसांत हा माणूस कोणत्या अवस्थेत असेल. एकीकडे आयुष्यातला सर्वांत मोठा आर्थिक निर्णय, दुसरीकडे ज्या शहरात रिझर्व्ह बँकेची सहा वर्षं गव्हर्नरकी केली त्याच्या रस्त्यांवर रक्त.

जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत निवेदन केलं. मुद्दे दोन होते. मुंबईबद्दलचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता जाहीर झाला. आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी केली गेली नाही. नेहरूंनी पहिला आरोप फेटाळला. कोण बरोबर, यावर आजही वाद घालता येतो. पण सभागृहात उभं राहून, पंतप्रधानांच्या तोंडावर, शांतपणे हे मांडणं आणि खुर्ची सोडून बाहेर पडणं, हे घडलं. राजीनाम्याने मुंबई मिळाली का? नाही. ऑगस्टमध्ये केंद्रशासित मुंबईचा बेत मागे पडला, पण त्या जागी आलं गुजरातीभाषकांसह मोठं द्विभाषिक राज्य. खरा महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला, आणि तोवर बळी शंभरावर गेले होते. रस्त्यावरच्या आंदोलनाचे पुढारी देशमुख कधी झाले नाहीत. तो त्यांचा पिंडच नव्हता. मराठी घराघरांत मात्र त्यांचं नाव त्या एका राजीनाम्यामुळे पोचलं, बजेटांमुळे नाही.

मंत्रिपद गेल्यावर ते घरी बसले नाहीत. १९५६ ते १९६१ यूजीसीचे अध्यक्ष, मग १९६७ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्यात पुढाकार त्यांचा. १९५९ मध्ये सरकारी सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार. त्याच सुमारास सरकारमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारी स्वतंत्र, कायमची यंत्रणा हवी असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं आणि दिल्लीत बरीच खळबळ उडाली. लोकपाल कायदा झाला २०१३ मध्ये. हिशेब तुम्ही करा.

खासगी आयुष्यात त्यांची पहिली पत्नी रोझिना इंग्रज होती. १९४९ मध्ये ती गेली. जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. या दुर्गाबाई म्हणजे संविधान सभेच्या सदस्य, नियोजन आयोगाच्या सदस्य, आंध्र महिला सभेच्या संस्थापक. लहानपणी लावलेलं लग्न स्वतः मोडून उभी राहिलेली बाई. नोंदणी पद्धतीने साधं लग्न, आणि साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू! साडेतीन वर्षांनी याच नेहरूंना राजीनामा द्यायचा होता.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक गिरी विरुद्ध रेड्डी म्हणून पाठ असते. तिसरे उमेदवार देशमुख होते, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर. तिसरे आले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. शाळेतलं संस्कृत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मेघदूत मराठीत आणलं, स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह छापला. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ ला, हैदराबादमध्ये सी. डी. गेले.