स्वप्नात सुचलेला प्रयोग आज नाग चावलेल्या माणसाच्या कामी येतो

चंद्रपूर-गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत नाग चावला, की आधी रुग्णाच्या पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. नसेचा निरोप झेलणारी स्नायूवरची प्रथिनं विषानं अडवलेली असतात. हा निरोप रसायन नेतं, हे सिद्ध केलं ऑटो लोवी यांनी.

१८७३ मध्ये फ्रँकफर्टला जन्मलेले लोवी ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये प्राध्यापक होते. एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच सुचलं, तेव्हा ते पहाटे तीनलाच प्रयोगशाळेत पोहोचले.

बेडकाच्या हृदयाची नस छेडून त्यांनी ठोके मंद केले. त्यातलं द्रावण दुसऱ्या हृदयात सोडलं, तर तेही मंदावलं! हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. एक प्रथिन ते लगेच मोडतं आणि इसेरीन हे औषध त्या प्रथिनाला रोखतं, हेही लोवींनी १९२६ मध्ये दाखवलं.

१९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ते ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना तुरुंगात टाकलं आणि नोबेलची रक्कम घेऊनच देश सोडू दिला. १९६१ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं.

आज नागदंशावर प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन देतात. तेही इसेरीनसारखंच काम करतं. ॲसिटिलकोलिन साठतं आणि निरोप स्नायूपर्यंत पोहोचू लागतो. म्हणून मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.