रेस जिंकली १९६३ ला, ट्रॉफी घरी आली २०२१ ला : नॅसकारच्या वेंडेल स्कॉटची गोष्ट

१ डिसेंबर १९६३. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं जॅक्सनविल शहर. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आणि २०० फेऱ्यांची रेस.

शेवटच्या २५ फेऱ्या राहिल्या होत्या, तेव्हा ३४ नंबरची एक जुनी शेवरोले सगळ्यांच्या पुढे गेली आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली. २०० फेऱ्या झाल्या, पण तिला चौकड्यांचा झेंडा काही दिसला नाही. तिने आणखी दोन फेऱ्या मारल्या. तरीही विजेता म्हणून नाव जाहीर झालं ते बक बेकर या दुसऱ्याच ड्रायव्हरचं. ट्रॉफीही तोच घेऊन गेला.

३४ नंबरच्या त्या गाडीत होता वेंडेल स्कॉट. गाडीचा ड्रायव्हर तो, मेकॅनिक तो आणि टीमचा मालकही तोच. आणि तो कृष्णवर्णीय होता.

आता हे प्रकरण समजून घ्यायचं तर आधी नॅसकार म्हणजे काय ते बघायला लागतं.

फॉर्म्युला वनच्या गाड्या खास रेससाठीच बनवलेल्या असतात. स्टॉक कार मात्र दिसायला रस्त्यावरच्या साध्या गाडीसारखी असते. या खेळाची पाळंमुळं आहेत हातभट्टीच्या दारूत. अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरटी दारू पोहोचवणारी पोरं साध्या गाड्यांची इंजिनं तगडी करून पोलिसांना गुंगारा द्यायची. त्यांच्यातच शर्यती लागायला लागल्या. मग १९४८ ला नॅसकार ही संस्था उभी राहिली आणि या खेळाला शिस्त आली.

वेंडेल स्कॉटही याच वाटेने आला. त्याचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ चा, व्हर्जिनियातल्या डॅनविलचा. हे कापड गिरण्यांचं आणि तंबाखूचं गाव. गिरणीत दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं नाही, हे त्याने लहानपणीच ठरवलं होतं. वडील मेकॅनिक, त्यामुळे गाडी खोलून जोडायचं बाळकडू घरातच मिळालं. त्याने टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिकचं काम केलं आणि परत येऊन स्वतःचं गॅरेज टाकलं. जोडीला चोरट्या दारूची वाहतूकही सुरू होती. त्यात १९४९ ला तो पकडला गेला.

पण याच बदनामीने त्याचं नशीब उघडलं. १९५२ ला डॅनविलच्या रेसच्या आयोजकांना गर्दी खेचण्यासाठी एक कृष्णवर्णीय ड्रायव्हर हवा होता. त्यांनी थेट पोलिसांकडे चौकशी केली आणि पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं. ज्याचा पाठलाग करून दमायचे, त्याचीच शिफारस त्यांनी केली होती.

१९५९ ला त्याने व्हर्जिनियाचं राज्य विजेतेपद मिळवलं आणि १९६१ ला तो नॅसकारच्या सगळ्यात वरच्या सिरीजमध्ये उतरला.

खरी अडचण इथून सुरू झाली. या खेळात ड्रायव्हर कितीही भारी असला, तरी मागे पैसेवाला मालक लागतो. इंजिन, टायर, सुटे भाग, मेकॅनिक असा सगळा खर्च मालक करतो. मोठ्या मालकांना फोर्ड आणि क्रायस्लरसारख्या कंपन्यांची मदत असायची. स्कॉटच्या वाट्याला ती आलीच नाही. मग तो स्वतःच मालक झाला. जुन्या गाड्या विकत घ्यायच्या, वापरलेले भाग बसवायचे, रात्र रात्र गॅरेजमध्ये काढायची आणि रेसला जायचं, असा त्याचा क्रम होता. बायको मेरी आणि मुलं हीच त्याची टीम. पिटमध्ये टायर बदलायला पगारी माणसं नव्हती, घरची पोरं होती.

त्यात वंशभेद होताच. काही ट्रॅकवर त्याला उतरूच दिलं जात नव्हतं. प्रेक्षकांतून शिव्या यायच्या. तरीही तो पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन हजर असायचा.

आता परत जॅक्सनविलकडे येऊ. त्याकाळी फेऱ्या माणसं हाताने मोजायची. स्कॉटने मोजणीवर आक्षेप घेतला. काही तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केलं की जिंकला होता स्कॉटच, तेही तब्बल दोन फेऱ्यांच्या फरकाने. पण तोवर स्टेडियम रिकामं झालं होतं. त्याला बक्षिसाचे पैसे मिळाले, पण खरी ट्रॉफी मिळाली नाही. मोजणीत चूक झाली, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. स्कॉटच्या घरच्यांना मात्र ते कधीच पटलं नाही. गोऱ्या प्रेक्षकांसमोर, गोऱ्या ब्युटी क्वीनच्या शेजारी कृष्णवर्णीय विजेता उभा करायचा नव्हता, असं त्यांचं मत होतं.

वरच्या सिरीजमधला त्याचा हा एकमेव विजय. पण थांबेल तो स्कॉट कसला? तो एकूण ४९५ रेस धावला आणि त्यात १४७ वेळा पहिल्या दहात आला. १९६६ ला वर्षभराच्या गुणतक्त्यात तो सहावा होता. कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या टीम्सच्या गर्दीत भंगारातून गाडी उभी करणाऱ्या माणसाने हे करून दाखवलं होतं.

मे १९७३ मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर मोठा अपघात झाला आणि वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉट गंभीर जखमी झाला, गाडीचा चक्काचूर झाला. त्याच वर्षी त्याची कारकीर्द संपली आणि तो पुन्हा डॅनविलच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. १९७७ ला त्याच्या आयुष्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला. २३ डिसेंबर १९९० ला कॅन्सरने त्याचं निधन झालं.

२०१५ ला नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं. तिथे पोहोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे जवळपास ५८ वर्षांनी, जॅक्सनविलच्या विजयाची ट्रॉफी नॅसकारने त्याच्या घरच्यांच्या हातात दिली.

त्यानंतर दोनच महिन्यांत बब्बा वॉलेस या कृष्णवर्णीय ड्रायव्हरने वरच्या सिरीजमधली रेस जिंकली. स्कॉटनंतर हे कुणालाच जमलं नव्हतं. ही रेस झाली ती त्याच टॅलाडेगाच्या ट्रॅकवर. पण वॉलेसला स्कॉटसारखी स्वतःची गाडी स्वतः उभी करायला लागली नाही. त्याच्या टीमच्या मालकांपैकी एक होता बास्केटबॉलचा बादशहा मायकल जॉर्डन.